अर्ध्या तासानं बंद पडणारी गाडी: जुन्या एमएक्स-५ चं एक प्रकरण

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १९९१ ची. १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, टप कापडी. तक्रार अशी: गार असताना पहिल्या सेल्फला सुरू होते आणि छान चालते. साधारण अर्ध्या तासानं चढावर पिकअप सोडते, मग आचके देते आणि शेवटी बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटं उभी ठेवली की जणू काही घडलंच नाही अशी पुन्हा सुरू होते.

हे चार महिने चाललं. तेवढ्यात मी पाच भाग बदलले. त्यांतला एकच खरोखर खराब होता, आणि त्याचा या दुखण्याशी संबंध नव्हता. पुढे जे सापडलं ते कुठल्याही जुन्या इंजेक्शनच्या गाडीत होऊ शकतं, म्हणून शोधाचा सगळा रस्ता आकड्यांसकट लिहिते आहे, चुकलेल्या वळणांसकट.

आधी काय काय बदललं

ऐकणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलला, "गरम झाली की बंद पडते ना, मग इग्निशन बघ." ते अगदीच चूक नव्हतं. गरम झाल्यावर दगा देणारे भाग जुन्या गाडीत बरेच असतात. ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या आतलं वेष्टण तडकतं, रीलेच्या आतले सोल्डरचे जोड फुटतात, कॅमच्या मागच्या टोकाला बसलेला, इंजिन फेरीत कुठे आहे ते कॉम्प्युटरला सांगणारा कोन-सेन्सर तापला की सिग्नल सोडू शकतो.

मी प्लग बदलले, गॅप १.१ मिलिमीटर ठेवला. प्लगच्या वायरी काढल्या तर दोन वायरींचं रबर तडकलं होतं आणि एकीचा रोध मीटरच्या टोकापलीकडे गेला होता. या वायरींचा रोध एका मीटर लांबीला साधारण १६ किलो-ओहम असावा लागतो. नव्या वायरी घातल्या आणि गाडी आयडलला मऊ चालायला लागली. तिथेच मी फसले. एक गोष्ट सुधारली म्हणून दुखणं गेलं असं धरलं. आठवड्याभरात गाडी पुन्हा चढावर उभी राहिली.

मग पेट्रोल फिल्टर, मग मुख्य रीले, मग कॉइल. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस वाटायचं की झालं काम. आज माझी वही उघडून बघते तर त्या प्रत्येक "झालं काम"च्या दिवशी मी गाडी पंधरा-वीस मिनिटंच चालवली होती. अर्ध्या तासानं उगवणारा दोष वीस मिनिटांच्या फेरीत दिसणार कसा? माझी चाचणीच खोटी होती. पाचही भागांच्या पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं.

या शोधात इतर गोष्टी सापडतच राहिल्या. कोन-सेन्सरची रबरी रिंग कडक होऊन तेल झिरपत होतं आणि खालच्या हीटरच्या होजवर पडत होतं. या इंजिनात हे नेहमी दिसतं, आणि तेलानं होज फुगून मऊ पडतो, म्हणून ती रिंग लगेच बदलली. पण वहीत ती वेगळ्या पानावर लिहिली. सापडलेली प्रत्येक खराबी आपल्या दुखण्याचं कारण नसते. दोन्ही एकाच यादीत ठेवल्या की डोकं भरकटतं.

काटा काय सांगतो

पाचव्या भागानंतर खरेदी थांबवली आणि ठरवलं की दोष समोर असतानाच मोजायचं. गाडी बरी असताना घेतलेलं कुठलंही माप या दुखण्याबद्दल काही सांगत नव्हतं.

पहिलं मापयंत्र डॅशबोर्डवरच होतं. रिकाम्या, सरळ रस्त्यावर इंजिन मेलं तेव्हा मी क्लच दाबला नाही. गाडी गिअरमध्येच घरंगळत राहिली, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती. आता आरपीएमचा काटा बघायचा. या गाडीत काट्याला ठोके मिळतात ते कॉइलला चालू-बंद करणाऱ्या इग्नायटरकडून. काटा धपकन शून्यावर पडला तर इंजिन फिरतंय पण ठोके येत नाहीत, म्हणजे सेन्सर, कॉम्प्युटर, इग्नायटर किंवा त्यांना वीज देणारा मुख्य रीले यांतलं काहीतरी गेलं. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर ही सगळी मंडळी जिवंत आहेत.

काटा हळूहळू उतरला. एका नजरेत चार संशयित सुटले, आणि त्यांतल्या रीलेवर मी आधीच पैसे घालून बसले होते.

हे करून बघायचं तर मागेपुढे कुणी नसलेल्या रस्त्यावरच. इंजिन पूर्ण थांबलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच जोर उरतो, त्यानंतर पेडल दगडासारखं लागतं.

काटा फक्त कॉइलच्या अलीकडची बाजू सांगतो, ठिणगी पडली का ते सांगत नाही. त्यासाठी टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या वायरीवर अडकवला की प्रत्येक ठिणगीला लखलखणारा दिवा. या इंजिनात दोन कॉइल आहेत, एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरी २ आणि ३ ला. अंगणात उभ्या गाडीत रेस धरून इंजिन २,५०० फेऱ्यांवर ठेवलं आणि आचके सुरू होईपर्यंत वाट पाहिली. सदतिसाव्या मिनिटाला सुरू झाले. आधी १ नंबरच्या वायरीवर लाइट अडकवला, मग २ नंबरच्या. इंजिन धडपडत असताना दोन्हीकडे लखलखाट अखंड होता. इग्निशन निर्दोष. राहिलं पेट्रोल.

दाब पडला नाही, उतरला

पेट्रोल फिल्टर आणि इंजेक्टरची नळी यांच्यामध्ये टी-जोड टाकून प्रेशर गेज लावला. त्याआधी लाइनमधला दाब काढावा लागतो. इंजिन चालू असताना पंपाचं कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, काढायचं आणि इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, नाहीतर होज सोडताच पेट्रोल तोंडावर उडतं. गेजचा होज मी कधीही केबिनमध्ये आणला नाही, तो बॉनेटखालीच राहिला.

या इंजिनात दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढलेली असताना दाब साधारण २७० ते ३१० किलोपास्कल असायला हवा. नळी लावून आयडलला तो पन्नासेकानं कमी दिसतो. माझ्या गाडीत गार असताना सगळं ठीक होतं. आचके सुरू झाले तेव्हा गेज १५० च्या आसपास होता.

आता दुखणं पेट्रोलच्या दाबाचं आहे हे नक्की. पण गेजनं त्याहून मोलाची गोष्ट सांगितली, ती म्हणजे काटा कसा खाली आला. तो कोसळला नाही. दहा-बारा मिनिटांत हळूहळू उतरला.

हे का महत्त्वाचं? या १.६ इंजिनात पंपाचा ताबा एका झडपेकडे आहे. हवा मोजणाऱ्या पेटीत एक पाळ असते. हवा खेचली गेली की ती उघडते, तिच्या मागचा स्विच पंपाच्या रीलेचं सर्किट पुरं करतो आणि पंप चालतो. इंजिन थांबलं, हवा थांबली, पाळ मिटली की पंपही बंद. हा स्विच किंवा तो रीले बिघडला तर पंप एकतर चालतो किंवा चालत नाही. गेज मग एका क्षणात खाली येतो. हळूहळू उतरणारा दाब म्हणजे पंप चालू आहे, पण दमतोय.

तो कशानं दमत होता, त्याची चार उत्तरं मी वहीत लिहिली. टाकीचा श्वास कोंडला असेल आणि आत व्हॅक्यूम साचत असेल. टाकीतल्या जाळीवर कचरा ओढला जाऊन बसत असेल, आणि पंप थांबला की गळून पडत असेल. पंपच म्हातारा झाला असेल आणि तापून सुस्तावत असेल. किंवा पंपाला वीज पुरी पडत नसेल.

पाचवं उत्तर इतरांनी दिलं होतं, पेट्रोलची वाफ होते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते खरं असायचं, कारण तिथे पेट्रोल जवळजवळ बिनदाबाचं येतं. इथे ते दाबाखाली असतं, आणि जास्तीचं पेट्रोल परतीच्या नळीनं सतत टाकीकडे जात राहतं. धावत्या गाडीत नळीतलं पेट्रोल एका जागी थांबून उकळत नाही. एका शनिवारी मी नळीवर चंदेरी फॉइलही गुंडाळलं होतं. वेळेत एका मिनिटाचाही फरक पडला नाही.

टाकीचा श्वास तपासणं सोपं. गाडी बंद पडल्या पडल्या पेट्रोलचं झाकण उघडलं. कोंडलेली टाकी "फस्स" करून हवा आत ओढते. काही आवाज नाही. राहिले तीन.

घड्याळ, थर्मामीटर नव्हे

वहीत बंद पडण्याच्या नऊ नोंदी होत्या. गार सकाळ, तापलेली दुपार, चढ, सपाटी. नऊच्या नऊ वेळा एकोणतीस ते चाळीस मिनिटांच्या मध्ये. पाण्याचा काटा मात्र दहा मिनिटांतच मधोमध येऊन स्थिर व्हायचा.

दोष इंजिनाच्या उष्णतेचा असता तर तो दहा-पंधरा मिनिटांत दिसायला हवा होता, आणि गार सकाळी उशिरा, दुपारी लवकर यायला हवा होता. तसं होत नव्हतं. हे दुखणं इंजिन किती तापलं ते बघतच नव्हतं, काहीतरी किती वेळ चालू आहे ते मोजत होतं. "गरम झाली की बंद पडते" हे वाक्य चार महिने मी स्वतःच सगळ्यांना सांगत होते, आणि त्या एका वाक्यानं सगळ्यांना बॉनेटखाली पाठवलं.

मग इंजिन चालू न करताच दोष आणून दाखवता येईल का? येतो. बॉनेटखाली एक छोटं काळं चाचणीचं खोकं असतं. त्याच्या झाकणाखाली एफ/पी (फ्युएल पंप) आणि जीएनडी (ग्राउंड) अशी दोन घरं असतात. ती वायरीनं जोडली आणि किल्ली ऑनवर ठेवली की इंजिन बंद असतानाही पंप फिरतो. पेट्रोल टाकीतून निघतं, रेग्युलेटरमधून जातं आणि टाकीत परत येतं.

रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीवर हा प्रयोग केला. पंपाचं कपलर सीटांच्या मागच्या कट्ट्यावर, गालिच्याखालच्या पत्र्याच्या झाकणाआड आहे. फक्त ते झाकण काढलं, टाकी उघडली नाही. टप खाली, दोन्ही दारं उघडी, गाडी मोकळ्यावर, कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी. बॅटरी या गाडीत डिकीत असते, म्हणून मीटरच्या वायरी सहज पुरल्या. मीटर आणि चार्जरचे सगळे चिमटे किल्ली फिरवण्याआधी लावले आणि प्रयोग संपून किल्ली बंद केल्यावरच काढले. पेट्रोलच्या टाकीजवळ चालू सर्किटमध्ये चिमटा लावायचा किंवा काढायचा नाही.

मापं अशी घेतली. बॅटरीच्या अधिक टोकापासून पंपाच्या अधिक तारेपर्यंत किती व्होल्ट गळतात, पंपाच्या दोन तारांमध्ये किती मिळतात, आणि पंपाच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत किती गळतात. तिन्हींची बेरीज बॅटरीच्या व्होल्टेजइतकी यायलाच हवी. नाही आली तर मोजण्यात चूक आहे.

सुरुवातीला, चार्जर लावलेल्या बॅटरीवर १३.२ व्होल्ट. अधिक बाजूला ०.५ गळती, पंपाला ११.६, अर्थच्या, म्हणजे काळ्या परतीच्या तारेच्या, बाजूला १.१. दाब २८५ किलोपास्कल. करंट, क्लॅम्प मीटरवर, ४.६ अँपिअर. अर्थच्या बाजूचे १.१ तेव्हाच खटकायला हवे होते. चांगल्या अर्थमध्ये एक-दोन दशांशाच्या वर काही दिसू नये.

चौतिसाव्या मिनिटाला बॅटरी तीच, १३.२. अधिक बाजूला ०.४, पंपाला ८.४, अर्थच्या बाजूला ४.४. करंट ४.० अँपिअर. दाब १६० आणि उतरता.

एक तळवा इंजिनाच्या कव्हरवर ठेवला. गार. किल्ली बंद केली आणि दुसऱ्या हातानं पंपाच्या कपलरला स्पर्श केला. बोट टेकवून ठेवता येईना.

४.४ व्होल्ट कुठे गेले

जाळी तुंबली असती तर पंपाला व्होल्टेज पूर्ण मिळालं असतं आणि तरी दाब उतरला असता. पंप थकला असता तरी तेच. इथे दाब उतरत होता तो पंपापर्यंत पोहोचणाऱ्या व्होल्टेजबरोबर. जाळी आणि पंप दोन्ही सुटले. त्या आठवड्यात मी नवा पंप मागवायच्या बेतात होते, तो राहिला.

दुसऱ्या फेरीत काळ्या तारेवर कपलरच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळं मोजलं. ४.४ पैकी ४.३ व्होल्ट त्या एका पिनेत जात होते. पुढची सगळी तार, बॉडीवरचा बोल्ट, बॅटरीची केबल मिळून फक्त ०.१.

४.३ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर म्हणजे १७ वॉटच्या वर. बारीक वायरी जोडायचं सोल्डरिंग आयर्न १५ ते २५ वॉटचं असतं. म्हणजे कपलरच्या प्लॅस्टिकात एक छोटं सोल्डरिंग आयर्न तापत होतं. सुरुवातीला तिथे साडेचार वॉटच होते. तेवढ्यानं पिनेची स्प्रिंग कोमट व्हायची, पकड ढिली पडायची, रोध वाढायचा, आणखी उष्णता, आणखी ढिलाई. हे चक्र अर्ध्या तासात इतकं फुगायचं की पंपाला आठ-साडेआठ व्होल्टच उरायचे. गाडी थांबली की पीन निवायची, पुन्हा पकड धरायची. पंचवीस मिनिटांनी मोजलं तेव्हा अर्थची गळती १.२ वर आली होती. रस्त्यावर गाडी पुन्हा का सुरू व्हायची ते कळलं.

कॉम्प्युटरनं दोषाचा एकही कोड का नोंदवला नाही? कारण तो पंपाचं व्होल्टेज बघतच नाही. या पिढीच्या कॉम्प्युटरला ठरावीक सेन्सरांपलीकडे काही दिसत नाही, त्यामुळे कोड नाही म्हणून वायरिंग निर्दोष असं धरता येत नाही.

आणि मीटरवर ओहम मोजले असते तर? नंतर मुद्दाम मोजले. मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवल्या तर ०.३, गार कपलरवर ०.५. फरक ०.२ ओहम. कुणीही ठीक म्हणून पुढे गेलं असतं, मीही गेले असते. ओहमचं माप करंट वाहत नसताना घेतलं जातं, आणि हा दोष करंट वाहतानाच जागा होतो. म्हणून जाड करंटच्या वाटेवर व्होल्टची गळती मोजायची, तीही मोटर चालू असताना. साधा डिजिटल मीटर पुरतो.

पाणी

कपलर उघडलं. काळ्या तारेची पीन हिरवट आणि करडी, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी. मादी पीन पसरली होती. आधी कधीतरी कुणीतरी तिच्यात जाड टोकाचा प्रोब खुपसला असावा. सुटी नवी नर पीन तिच्यात घातली आणि उलटी धरली तर ती स्वतःच्या वजनानं खाली पडली. चांगल्या घरातून ती ओढूनच काढावी लागते. जुन्या कपलरमध्ये मोजायचं असेल तर मागून, तारेच्या बाजूनं, बारीक पीन सरकवून मोजावं. पुढून खुपसलेला प्रोब आज माप देतो आणि पिनेची पकड कायमची घालवतो.

पण हिरवेपणा पाण्याशिवाय येत नाही. झाकणाभोवतीचा गालिचा वरून कोरडा होता, खालचा फोम पिळला तर बोटं ओली झाली. केबिनमधल्या कुबट वासाचा दोष मी वर्षभर कापडी टपाला देत होते.

टपाच्या मागच्या काठावरून येणारं पाणी एका पन्हळीत पडतं आणि सीटांच्या मागच्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांनी गाडीखाली जातं. दोन्हींत एकेक पेला पाणी ओतलं. एका बाजूचं लगेच जमिनीवर आलं, दुसऱ्या बाजूचं तसंच उभं राहिलं. जाड नायलॉनची दोरी हळूहळू फिरवत घातली तेव्हा पानांचा चोथा, माती आणि टपाचे धागे मिळून काळा लगदा निघाला. कडक तार घालू नये, नळी आतून फाटते आणि पाणी थेट दाराखालच्या उंबरठ्याच्या पोकळीत जाऊन पत्रा गंजवतं. या पिढीच्या गाड्या मागच्या चाकापुढच्या उंबरठ्यात गंजतात, त्यात तुंबलेल्या याच नळ्यांचा मोठा हात असतो.

म्हणजे साखळी अशी होती: पानांनी नळी तुंबली, पाणी गालिच्याखाली आलं, पसरलेल्या पिनेवर गंज चढला, पिनेनं व्होल्ट खाल्ले, पंप दमला, दाब उतरला, इंजिन मेलं. आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या मला वाटलं कॉइल.

दुरुस्ती

सोपा उपाय मला दोघांनी सुचवला. बॅटरीवरून पंपाला थेट तार टाकायची, मध्ये एक स्विच, झालं. पंप उत्तम चालला असता. ते मी केलं नाही आणि कुणी करू नये. गाडी आदळली, इंजिन थांबलं, तर मूळ सर्किटमध्ये पाळ मिटते आणि पंप थांबतो. स्विचवर चालणारा पंप फुटलेल्या नळीतून पेट्रोल फेकत राहतो. ती झडप हवा मोजायच्या पेटीत बसली असली तरी ती सुरक्षेची वस्तू आहे.

बॅटरीचं उणे टोक सोडलं आणि कपलरचे दोन्ही अर्धे भाग बदलले. नुसती काळी पीन बदलून भागलं नसतं, कारण तपकिरी झालेलं प्लॅस्टिक पीन घट्ट धरत नाही. काळी तार सोलली तर तांबं आतपर्यंत काळवंडलेलं होतं. चकाकणारं तांबं लागेपर्यंत पाच सेंटिमीटर कापावं लागलं, आणि तेवढाच त्याच जाडीचा तुकडा जोडावा लागला. काळ्या तांब्यावर नवी पीन दाबली तर सहा महिन्यांत पुन्हा तेच.

जोड सोल्डर न करता क्रिंप केला, म्हणजे पिनेच्या पाकळ्या तारेवर दाबून बसवल्या. सोल्डर तारेच्या पेडांतून वर चढतं आणि जिथे संपतं तिथे तार ताठ होते. गाडीच्या थरथरीत ती बरोबर तिथेच तुटते. क्रिंपची एक जोडी पाकळ्या उघड्या तांब्यावर, दुसरी आवरणावर बसायला हवी, आणि पान्यानं दाबल्यावर तार हातानं चांगली ओढून बघायची. वरून श्रिंक ट्यूब, आणि कपलरच्या तोंडाला पाणी अडवणारं ग्रीस, पातळ थर.

गालिचा आणि फोम काढून चार दिवस वाळवले.

नंतरची मापं

तोच प्रयोग, तसाच. गार गाडी, चार्जर, १३.२ व्होल्ट. अधिक बाजूला ०.५, पंपाला १२.६, अर्थला ०.१. करंट ४.९ अँपिअर. दाब २९०. या वेळी सत्तर मिनिटं चालवला. शेवटचं माप पहिल्यासारखंच आणि कपलर जेमतेम कोमट.

करंट वाढलेला बघून एका मित्रानं काळजीनं विचारलं, पंप जास्त का ओढतोय? तो जास्त ओढत नव्हता, आधी त्याला उपाशी ठेवलं होतं. अधिक बाजूची गळती दोष असताना ०.४ आणि आता ०.५, तेही त्यामुळेच. त्याच तारेतून आता जास्त करंट जातो.

मग रस्ता. तीन फेऱ्या, प्रत्येक दीड तासाच्या वर, दोन चढाच्या. पहिल्या फेरीत एकोणतिसाव्या मिनिटापासून माझी नजर घड्याळावर होती. चाळिसावं मिनिट तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, पूर्ण रेसवर गेलं. गाडीनं श्वास सोडला नाही.

याला आता आठ महिने झाले. पंप तोच आहे. नळ्यांत दर दोन महिन्यांनी पेलाभर पाणी ओतते. पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टेपवर तीन आकडे आणि तारीख लिहून ठेवली आहे. गेल्या महिन्यात पुन्हा मोजलं, अर्थ ०.१. त्याच ओलाव्यात गालिच्याखाली मागच्या दिव्यांच्या वायरिंगची आणखी दोन कपलर होती. एक स्वच्छ निघालं. दुसऱ्याच्या कडेला हिरवं दिसतंय, ते अजून उघडायचं आहे.